फुलं पुढे, दांडी कोरी

मैत्रिणींनो, दुपारपासून एकच चमचा समोर घेऊन बसलेय. काम कधीच झालंय.

तुम्हाला माहीत आहे, मी वराळ्यात घरीच लाकडी चमच्यांवर डेकूपाज करते. दांडीवर फुलांचा कागद चिकटवायचा, वरून वार्निश. पुढचा भाग कोराच ठेवते, म्हणजे चमचा स्वयंपाकात वापरता येतो.

आज वडिवळ्याहून एक मावशी आल्या. पिशवीतून भाताचा जुना चमचा काढला. त्यांच्या सुनेचा. ती दिवाळीआधी वारली.

मी सवयीनं पॉलिश पेपर घेऊन दांडी घासायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"तितं नको. फुलं फुडं लाव, भातात जातं तितं."

"मावशी, मग वापरता नाही येणार."

"व्हय, म्हनूनच. पोराचं दुसरं लगीन ठरलंय. नवी पोरगी चांगली हाय, पन ह्यो चमचा आता भातात नको. दांडी ऱ्हाऊ दे तशीच. माज्या सुनेचा हात हाय तितं."

त्या रडल्या नाहीत. मीही नाही. फुलं चिकटवली.

वार्निश वाळलंय. उद्या त्या न्यायला येतील. तोवर चमचा इकडचा तिकडे ठेवताना मी फुलांकडूनच उचलतेय.

तुम्ही कुठे धरला असता?