वर्दीतली गाठ

अंबाजोगाईला स्तनांचा एक्स-रे काढणाऱ्या त्या बाईंकडे मी आधी जावेसोबत, मग स्वतःसाठी कितीदा तरी गेले, पण नाव कधी विचारलं नाही. यंत्राची गार पाटी त्या दोन्ही तळव्यांनी चोळून कोमट करायच्या, मगच म्हणायच्या, "या ताई." फोटोत काय दिसलं ते मात्र बोलायच्या नाहीत. मला त्याचा रागच यायचा.

एका खेपेला फोटोत माझ्या छातीतल्या गाठीच्या कडा काटेरी दिसल्या. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरसारखी वाटते, सुईनं तुकडा काढून तपासू. मी सुई न करताच रडत घाटनांदूरला घरी परत निघाले. बाईंनी दारातच हात धरला.

"बहुरूपी बघितलाय न्हवं? पोलिसाची वर्दी घालून दम देतो. काही गाठी तशाच असत्यात. लई कमी, पण असत्यात. वर्दीला भ्यायचं न्हाई, ओळखपत्र मागायचं. सुई म्हंजे तेच."

"आन् खरा पोलीस निघाला तर?"

"तर येळेवर कळलं म्हणायचं."

मी थांबले, सुई करून घेतली. आठवड्यानं रिपोर्ट आला. गाठ दुर्मिळ, पण साधी होती.

कागद दाखवायला गेले. बाईंनी तो दोनदा वाचला, टाचा जुळवल्या आणि बहुरूप्यासारखा कडक सलाम ठोकला. मग वळून पुढच्या बाईसाठी पाटी चोळायला लागल्या.