सोड्यातली लिंबाची चकती

हॉटेलात ग्लासाच्या कडेला खोचून आणलेली लिंबाची चकती मी आजही काढून बशीत ठेवते. मुलं हसतात. हसू देत. त्यांना काय माहीत.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि आम्ही विरारला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. इमारत नवी, नळ नवे, नळात पाणी तेवढं नाही. टँकर यायचा. त्यातूनच नवऱ्याला कावीळ झाली, अशी की डोळे हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखे दिसायला लागले. कित्येक महिने अंथरुणात गेले. डॉक्टर म्हणाले, "लिव्हर नाजूक झालंय. परत झाली तर मला काही सांगता यायचं नाही." ते एक वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं ते उतरेचना.

मग मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले. पाणी उकळायचं, गाळायचं, मनाचं समाधान होईना म्हणून परत उकळायचं. रोज सकाळी त्यांना गॅलरीत उजेडात उभं करायचं, खालची पापणी ओढायची आणि बुबुळाभोवतीचं पांढरं बघायचं. "अगं, बरा आहे मी," ते म्हणायचे. आधी हसून, मग वैतागून. पुढे पुढे बोलायचेही नाहीत, नुसते उभे राहायचे. मला ते दिसत होतं, पण जीवच थाऱ्यावर नव्हता.

कामावर परत जायच्या आदल्या रविवारी ते म्हणाले, "राजोडीला जाऊ या. समुद्र बघू दे, नाहीतर वेड लागेल मला." निघालो रिक्षाने. पिशवीत उकळलेल्या पाण्याची बाटली होतीच. किनाऱ्याजवळ सुरूंच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकलेलं एक हॉटेल होतं. ह्यांना लिंबू सोडा हवा होता. मी वेटरला अटी घातल्या: बाटली सीलबंद, फोडायची आमच्यासमोर. बर्फ नको. ग्लास मी माझ्या पाण्याने विसळणार. माणूस चांगला होता, सगळं निमूट ऐकलं त्याने.

बाटली समोर फोडली, सोडा ओतला. मग शेजारचं टेबल ओल्या फडक्याने पुसलं, काउंटरवरच्या वाडग्यात बोटं घातली, लिंबाची एक चकती उचलली, आमच्या ग्लासात जराशी पिळली आणि कडेला खोचून दिली.

माझ्या एवढ्या बंदोबस्तात लिंबू कुठेच नव्हतं. आमच्याकडे मळमळलं तर लिंबू, तोंडाला चव नाही तर लिंबू. ह्यांच्या पथ्यातसुद्धा मीच रोज पिळत होते. लिंबाकडे संशयाने बघायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अहो, नका पिऊ."

"आता काय?"

"लिंबू. ते पाण्यात ठेवलेलं आहे."

"सकालचाच हाय, बाई," वेटर म्हणाला. "सुकू नये म्हनून पान्यात ठेवलाय." आणि ते पाणी कुठलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. ह्यांचा चेहरा उतरला. "एक ग्लास मला माणसासारखा पिऊ दे," ते हळू आवाजात म्हणाले आणि ग्लास उचलला. मी तो हिसकावून घेतला.

घेतला खरा, पण पुढे काय करायचं? वेटर तिथेच उभा, तोंड पाडून. त्याच्यादेखत वाळूत ओतवेना, आणि ठेवला असता तर ह्यांनी परत उचलला असता. मी तो घटाघटा पिऊन टाकला. वर ती चकतीही चोखली. "झालं?" म्हटलं. मला रडू येत होतं आणि रागही.



दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी मी त्यांना गॅलरीत न्यायला गेले, तर त्यांनीच माझा हात धरला, मला उजेडात उभं केलं आणि माझी खालची पापणी ओढली. मला वाटलं, कालचा सूड. म्हटलं, पुरे झाली थट्टा, डबा भरायचाय. ते हसले नाहीत. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही. कामावर जायची घाई, बूट घातलेले, पण आधी माझे डोळे.

"कावीळ अंगात शिरली तरी डोळ्यात यायला महिनाही लागतो," ते म्हणाले. हे मीच त्यांना डॉक्टरांकडून ऐकून सांगितलं होतं, आणि वर रोज ऐकवलं होतं.

"अहो, बरी आहे मी," मी वैतागून म्हणाले, आणि म्हणताना मलाच ते त्यांच्या आवाजातलं वाटलं.

त्यांचा अंगठा माझ्या गालावर गार लागत होता.

"मी घाबरलोय," ते म्हणाले. "हलू नकोस."