चित्रकाराच्या घरची कॉफी

चित्रकाराच्या घराचं संग्रहालय झालं, तेव्हापासून तिथली देखरेख अक्का करतात. रोज जवळच्या आनेकल गावाहून बसने येतात. त्यांचं मराठी इथल्या कन्नड मुलखातल्या जुन्या मराठी घरांतलं, मध्येच कन्नडकडे झुकणारं. मी मूळचा पुण्याचा, दर रविवारी हौसेने लोकांना घर दाखवायला जातो. माझं बोलणं ऐकून त्या हसतात, "केवढी घाई हो तुम्हाला, अण्णा!"

येणाऱ्यांना मात्र त्यांचा धाक असतो. कोणी दोरीपलीकडे बोट जरी नेलं, तरी त्या घसा खाकरतात. मीसुद्धा तिथे हात मागे बांधूनच फिरतो.

एका रविवारी मी लवकर पोचलो, तर चित्रकाराच्या स्वयंपाकघरातून ताज्या कॉफीचा वास! दोरीपलीकडचा चित्रकाराचा पितळी फिल्टर ओट्यावर होता आणि अक्का त्यातली कॉफी पेल्यात ओतत होत्या. शेजारी घरून आणलेल्या दुधाचा थर्मास. "हात लावू नका" ही पाटी मीच लिहिलेली.

"अक्का, हे काय?"

त्या जराही दचकल्या नाहीत. "रोज करते की. वापरलं नाही तर भांडं मरतं. बसा, स्वल्प घ्या."

मी बसलो. कॉफी फक्कड होती. नंतर त्यांनी फिल्टर धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि पाटी सरळ केली.

त्या दिवशीच्या पहिल्या पाहुण्या बाई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. "इथे अजून कॉफीचा वास येतो, नाही?" देवळात बोलावं तसं त्या हळूच म्हणाल्या.

अक्कांनी घसा खाकरला.

"येतो," मी म्हणालो, आणि हात मागे बांधले.