सोमाच्या दगडांचा रस्ता

दशरथभाऊंनी माझ्या दहावीसाठी सख्ख्या भावाची रास मोडली होती.

आज सकाळी ते गेले. म्हणून लिहितेय.

आमच्याकडे वाघानं माणूस मारला की त्या जागी येणारा-जाणारा एकेक दगड टाकतो. रास वाढत जाते. तिच्यातला दगड कुणी उचलत नाही.

नाल्याजवळची रास सोमाची. दशरथभाऊंचा धाकटा भाऊ.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भाऊ आमच्या रस्त्यावर मैलकुली होते, खड्डे बुजवणारे सरकारी मजूर. अवकाळी पावसानं नाल्याजवळ रस्ता खचला. गिट्टीचा ट्रक येईना.

एसटीचा ड्रायव्हर म्हणाला, "गड्डा बुजला नाई तं गुरुवारपासून गाडी फाट्यावरूनच वापस."

गुरुवारी माझा गणिताचा पेपर. सेंटर नागभीडला. फाटा बारा किलोमीटर, सगळं जंगल. बाबा म्हणाले, राहू दे यंदा.

मी रडले ते भाऊंनी पाहिलं.

"तू पेपर दे. मी त्याच्यासंग बोलतो."

मंगळवारी त्यांनी राशीतले दगड काढून खड्डा भरला.

बुधवारी सकाळी खड्डा रिकामा. दगड परत राशीवर. ओल्या मातीत एक पाऊल नाही. मी स्वतः पाहिलंय, हसायचं तर हसा.

त्यांनी पुन्हा भरला.

गुरुवारी पुन्हा तेच. आणि बुधवारी भरलेला खड्डा पाहून गेलेल्या एसटीचा लांबून आवाज येत होता.

भाऊ खड्ड्यात उतरून बसले. शेजारी कुणी बसल्यासारखे हळू बोलत राहिले. शेवटचं तेवढं मला ऐकू आलं.

"सोमा, पोरीचा पेपर आहे. सरक थोडा."

मग एसटी थांबवून ठेवून त्यांनी एकट्यानं खड्डा भरला. एसटी गेली. मी गेले. तो खड्डा पुन्हा कधी उघडला नाही.

गावानं शाल-नारळ देऊन सत्कार केला. भाषणं झाली, चांगला रस्ता केला म्हणून. भाऊ खाली मान घालून बसले होते.

मी नंतर विचारलं, "भाऊ, त्याले काय कबूल केलं?"

"मी इथून कुठी जात नाई म्हटलं."

खरंच गेले नाहीत. मुलानं नागपूरला घर बांधलं, तिथं एक रात्र राहिले नाहीत. गाव म्हणायचं, म्हातारा हट्टी आहे. खरं कारण मला ठाऊक होतं. भीती वाटायची, आणि लाजही.

आज त्यांच्या मुलाचा फोन आला. सकाळी नाल्याजवळ रस्त्याच्या कडेला बसलेले सापडले. म्हणाला, "ताई, थोडे सरकून बसले होते. बाजूले एका माणसाची जागा सोडून."

भाऊ, मी पास झाले तेव्हा तुम्हाला पेढे दिले. कशाच्या बदल्यात पास झाले, ते कुणाला सांगितलं नाही. आज सांगितलं.

भावपूर्ण श्रद्धांजली. तुम्हा दोघांनाही.