बाल्कनी रिकामी करताना

बनारसमधल्या तीन जुन्या थिएटरांत मॅनेजरकी करून मी निवृत्त झालो. लोकांना वाटतं, या माणसाने किती सिनेमे पाहिले असतील! पण पडद्याकडे माझं लक्ष क्वचितच असे. मी दारं बघायचो, तारा बघायचो, छत बघायचो.

दुसऱ्या थिएटरात होतो तेव्हाची गोष्ट. सकाळी झाडलोट चालू असताना बाल्कनीच्या खालच्या बाजूला मला एक तडा दिसला. आदल्या आठवड्यात तो नव्हता. मालकांना मोबाईल लावला. ते म्हणाले, "मैनेजर साहब, वहम मत पालिए. पुरानी इमारत है, दरार तो होगी ही." मी गप्प बसलो आणि खेळ लावला. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते.

दुपारच्या खेळाला बाल्कनी भरली. पंचगंगा घाटाजवळच्या आमच्या गल्लीतल्या सात-आठ बायका आल्या होत्या, त्यांत माझी बायकोही. अर्धा तास झाला असेल. आमचा म्हातारा गेटकीपर माझ्या खोलीत आला आणि त्याने मूठ उघडली. आत प्लॅस्टरचा तुकडा. "नीचे सीट पर गिरा है, साहब. सीट खाली थी, इसलिए बच गए."

खरं कारण कुणाच्या कानावर गेलं, तर त्या एकाच अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होणार. बाल्कनीखालच्या लोकांना पुढे बसव, मागचे पंखे बंद पडलेत म्हणून सांग, असं मी त्याला बजावलं. मग खेळ थांबवला, दिवे लावले आणि वर गेलो. मशीन बिघडलंय, जरा बाहेर मोकळ्या हवेत चला, एकेक रांग, जिन्याकडची आधी, असं हात जोडून सगळ्यांना सांगत सुटलो.

बायको पुढच्या रांगेत होती, तड्याच्या बरोबर वर. ती उठायला लागली. मी वाकून म्हटलं, "तू बस. सगळ्यात शेवटी उतर."

"का हो? काय झालंय?"

"काही नाही. बस."

मॅनेजरची बायको घाईने निघालेली दिसली असती, तर सगळ्याजणी उठून धावल्या असत्या. ती पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली. एक आजोबा अंधारात सरकलेली चप्पल शोधत बसले. मला ओरडावंसं वाटलं. पण मीच सीटखाली वाकून ती काढून दिली.

शेवटी बायको उठली, तिच्या मागून मी. बाल्कनी पडली नाही. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने आतली गंजलेली सळई नुसत्या बोटांनी चुरून दाखवली. ती बाल्कनी पुन्हा उघडलीच नाही.

बाल्कनी रिकामी केली त्या संध्याकाळी चहा गाळताना बायको म्हणाली, "मला कळलं होतं. लोकांशी तुम्ही इतकं गोड कधी बोलत नाही."

"मग उठली का नाहीस?"

"तुम्ही बस म्हणालात ना."

नंतर मी गंगेपलीकडे रामनगरच्या थिएटरात गेलो. तिथे बाल्कनी नव्हती. तरी ती सिनेमाला येते म्हणाली की मी काहीतरी सबब काढायचो. गर्दी आहे, सिनेमा टुकार आहे. खरं कारण तिला अजून सांगितलेलं नाही: पुन्हा तशी वेळ आली असती, तर मी पुन्हा तिलाच शेवटपर्यंत बसवलं असतं.