मशीनचं कपाळ

मामींचा फोन आला तेव्हा मी सदर बाजारात एका भांड्यांच्या दुकानात पितळी पत्रा निवडत होते. "मामा गेले गं…" एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी पुरानी बस्तीतल्या घरी चहा पिताना छातीत कळ आली आणि संपलं. दुकानदार विचारत होता, "दीदी, ये वाला कि वो वाला?" मी त्यातल्या जाड पत्र्याकडे बोट दाखवलं. तो मामांनीच आणायला सांगितला होता. विश्वकर्मा पूजा, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांची पूजा, जवळ आली होती.

मामा सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात मशीनचं डिझाइन बघायचे. कॉलेज संपल्यावर मी त्यांच्याच हाताखाली लागले. ते वऱ्हाडीत बोलायचे, मी हिंदीत उत्तर द्यायची, तेही जेमतेम. "पोट्टे, तू बोलत नाहीस ते चालते मले," ते म्हणायचे, "पण पाहून राहिली ना? मशीन मागून पाह्य. आधी माणसाचा हात कुठं जाते ते पाह्य."

सळ्या कापणाऱ्या मशीनच्या पात्यापुढे लोखंडी झाकण असतं, हात आत जाऊ नये म्हणून. पूजेला कामगार ते झाकण काढून पात्याला टिळा लावायचे, आणि देवाचा टिळा झाकायचा कसा, म्हणून पुढे कित्येक दिवस झाकण भिंतीला टेकून पडलेलं. मशीन मात्र दुसऱ्या दिवसापासून चालू. गेल्या वर्षी अशातच ते मशीन चालवणाऱ्या साहू भैयांच्या हातमोज्याचं टोक पात्यानं उडवलं. बोट थोडक्यात वाचलं. मॅनेजर म्हणाले, झाकणाला कुलूप लावा. मामा त्यांच्या केबिनमधून परत येताना मला म्हणाले, "देवाले कुलपात ठेवलं तं लोक कुलूपच तोडतीन. काहून नाही तोडणार?"

मग त्यांनी टिळ्याची जागाच बदलायची ठरवली. झाकणाच्या बाहेरच्या बाजूला एक पितळी पाटी, खाली नारळ टेकवायला छोटी फळी. एका दुपारी त्यांनी मला झाकणावर पुठ्ठ्याचा तुकडा धरायला सांगितलं आणि सगळ्यांना टिळा लावल्यासारखं करून दाखवायला बोलावलं. उंच माणूस वाकला की पुठ्ठा वर, ठेंगण्यानं टाचा उचलल्या की खाली. मामा नुसते नाचत होते. "साब, भगवान को भी हेल्मेट पहनाओगे क्या?" कोणीतरी मागून टोमणा मारला, त्यावर सगळ्यांत जास्त तेच हसले. साहू भैया मात्र हाताची घडी घालून उभे. "टीका ब्लेड को ही लगेगा. काम तो वही करती है."

मामा त्यांच्यापाशी गेले. "भैया, दशहरे को भाभी तुम्हें टीका कहाँ लगाती है? हाथ पे कि माथे पे? काम तो हाथ ही करता है न?"

मग साहू भैयांच्या मिशीत हसू दिसलं. "हव," ते म्हणाले, "ये तो है." पुठ्ठा धरून मी उभी होते, आणि मला फार आनंद झाला होता. एक रेषही न काढता मशीन बदललं होतं.

पण ते हो म्हणणं हसण्यावारी होतं की खरं, हे पूजेनंतरच कळणार होतं. मामा नसताना मी पाटी बसवून घेतली. तेराव्याला साहू भैया आले, मामींना नमस्कार करून गेले, पाटीबद्दल चकार शब्द नाही. पूजेला जायचं माझं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र शिफ्ट सुरू होताच मी थेट त्या मशीनपाशी गेले. मशीन चालू होतं. झाकण जागेवर. पाटी कुंकवानं इतकी माखलेली, की पितळ दिसत नव्हतं. वरून झेंडूची माळ, फळीवर नारळ. साहू भैया सळ्या सरकवत होते. त्यांनी मान वर केली, हलवली, आणि पुन्हा कामाला लागले.

मामांना फोन करायला मी मोबाइल काढलासुद्धा… मग तसाच पर्समध्ये ठेवला.

शेजारच्या मशीनवरचा माणूस गमछ्यानं घाम पुसत आला. "दीदी, इसका माथा बन गया. हमारी मशीन का कब बनेगा?" तक्रारच होती त्याच्या आवाजात. एरवी मी 'सर को बताती हूँ' म्हणत मामांकडे निघाले असते. "अभी," मी म्हटलं. "आप खड़े होइए. टीका कहाँ लगाएँगे?" त्यानं बोट आधी पँटला नीट पुसलं, डोळे मिटले आणि नुसत्या लोखंडावर टेकवलं. ते बोट तो काढेपर्यंत मी मापाचा टेप उघडला नाही.