वारसांच्या यादीतला तिसरा पर्याय

या ग्रुपवरचे अनुभव मी दोनेक वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसायलाच वाचते. घाटात गाडीच्या मागे बसलेली बाई, वैशाखरे गावाच्या पुढे लिफ्ट मागणारा म्हातारा… आमच्या मुरबाडमध्ये असले किस्से चहाबरोबर फुकट मिळतात. मी कधी मानले नाहीत. कुणाला काही "दिसलं" की मी आधी विचारते, काय घेतलं होतंस? त्यामुळे माझं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. हसा खुशाल. पण शेवटपर्यंत वाचा.

माझ्या गोष्टीत ना अमावस्या आहे ना पिंपळ. मंगळवार, भर दुपार, माझा टायपिंगचा गाळा, डोक्यावर पंखा, समोर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. आणि वर्डमधली एक फाइल.

गाळा तहसीलच्या रस्त्याला आहे. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, भाडेकरार, वारस नोंदीचे कागद – चौदा वर्षं मी हेच करतेय. वारस नोंदीच्या कागदात वंशावळ लागते. कोण कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी, आणि प्रत्येकाच्या नावापुढे हयात की मयत. घाईत यात हमखास चुका व्हायच्या. एकदा तर जिवंत माणसाच्या पुढे मयत पडलं, आणि तो माणूस स्वतःच कागद घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. चांगलीच शोभा झाली माझी.

म्हणून मी ड्रॉप-डाउन लिस्ट शिकले. डेव्हलपर टॅब चालू करायचा, जिथे हवी तिथे लिस्ट टाकायची, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एकेक पर्याय ॲड करायचा. मी गावांची यादी केली, नात्यांची केली, आणि शेवटची सगळ्यात छोटी – हयात, मयत. दोनच. मग फॉर्म लॉक करून पासवर्ड टाकला. वर्डमध्ये कॉम्बो बॉक्स म्हणूनही एक प्रकार असतो, त्यात आपल्या मनाचं टाइप करता येतं. तो मी मुद्दाम घेतला नाही. माझ्या यादीत मी घातलंय तेवढंच निघणार, दुसऱ्या कुणाचं काही चालणार नाही… या गोष्टीचा मला तेव्हा भारी अभिमान होता.

आता घरचं सांगते. माझं सासर टोकावड्याजवळचं. सातबाऱ्यावर अजून आजेसासऱ्यांचंच नाव होतं. माझे सासरे, त्यांना मी बाबा म्हणते, आणि त्यांचे धाकटे भाऊ नामाकाका, असे दोघे वारस. काकांना त्यांच्या वाट्यात घर बांधायचं होतं, म्हणून नोंदीची घाई. आणि एक तिसरी वारस होती, या दोघांची बहीण. चांगुणा. माझ्या नवऱ्याची आत्या.

चांगुआत्याला मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या लग्नाआधीच ती डोळखांबकडच्या एका पाड्यावरच्या माणसाबरोबर स्वतःच्या मर्जीने लग्न करून गेली. आमच्या लोकांना ते मानवलं नाही. त्या दिवसापासून घरात तिचं नाव कुणी घेत नसे. मलासुद्धा ती होती हे लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, एका मयताला आलेल्या बायकांकडून कळलं. डोळखांब म्हणजे काही दुसरा देश नाही. एसटी बदलून दोन-अडीच तासांत माणूस पोचतो. पण वीस-बावीस वर्षांत कुणी गेलं नाही.

त्या मंगळवारी दोघे भाऊ गाळ्यात आले. मी फॉर्म उघडला, नावं भरली आणि विचारलं, "आत्यांचं काय लिहू?"

"तिचं काय लिवायचं?" काका म्हणाले. "ना पत्ता ना सांगावा. असंल नायतर नसंल."

बाबा पंख्याकडे बघत बसले.

"हयात लिहिलं तर त्यांची सही लागेल," मी म्हणाले. "त्यांना शोधा, आणा, नोटरीपुढे उभं करा."

"मंग आता?"

"मग मयत टाकू. सगळे टाकतात."

हे वाक्य माझं आहे. काकांचं नाही, बाबांचं नाही. आमच्या भागात कामाला गेलेलं, रुसून गेलेलं, परत न आलेलं माणूस कागदावर असंच मरतं. मी स्वतः अशी किती माणसं टाइप केली असतील कुणास ठाऊक. पुढे कुणी दाखला मागितला तर पुढचं पुढे बघू, असाच हिशेब असतो.

काका स्टॅम्प पेपर आणायला बाहेर गेले. मी आत्यांच्या नावापुढच्या चौकटीवर क्लिक केलं. यादी उघडली.

हयात
मयत
हाय अजून

मी आधी चिडलेच. वाटलं, कुणीतरी माझ्या फॉर्मशी खेळलंय. पण पासवर्ड माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, नवऱ्यालाही नाही. लॉक काढून प्रॉपर्टीजमध्ये गेले. तिथे दोनच पर्याय – हयात, मयत. बंद करून यादी परत उघडली. तीन. बाबांच्या नावापुढची यादी उघडली, काकांची उघडली, दोन्हीकडे दोन-दोनच. फक्त तिच्या नावापुढे तीन. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फाइल उघडली… तीन.

आणि तो शब्द! मी सरकारी कागदात "हाय" कशाला लिहीन? माझ्या हातून चुकूनसुद्धा तसं उमटत नाही.

"बाबा, जरा इकडे या," मी म्हणाले. "हे मला दिसतंय ते तुम्हालाही दिसतंय का बघा."

बाबा चौथी शिकलेले. ते स्क्रीनवर बोट ठेवून वाचतात. त्यांनी वाचलं, "हयात… मयत… हाय… अजून." बोट तिथेच राहिलं. मग ते खाली बसले, खुर्ची नीट न बघताच.

"ह्ये तुला कुनी सांगितलं गो?"

"काय कुणी सांगितलं?"

"चांगूचं बोलनं हाय ह्ये. ती गुरं घेऊन सगल्यांच्या मागनं यायची. आमी जेवायला बसलेलो असायचो. भात संपंल म्हनून ती लांबनंच वरडायची, मी हाय अजून! मी हाय अजून! मंग आई टोपात तिच्यापुरता भात राखायची." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आमच्या घराभायेर ह्ये कुनाला ठावं नाय."

मला काय वाटलं ते सरळ लिहिते – मला भीती वाटली. पाठीमागे कुणीतरी उभं राहून माझ्या खांद्यावरून स्क्रीन वाचतंय असं वाटायला लागलं, आणि मागे तर भिंत होती.

तेवढ्यात काका आले. बाबा एकदम उभे राहिले. "नामा, आज कागद नको. डोळखांबला जाऊन येऊ. एकदा बघून येऊ."

"आता? नोटरी आज हाय, उद्या नाय. बावीस वर्सांत आठवन नाय आली ती आज आली व्हय?"

"थांब रं जरा…"

"सूनबाई, टाक तू."

थांबता आलं असतं. एका एसटीचा तर प्रश्न होता. बाबा माझ्याकडे बघत होते, मी नाही म्हणावं म्हणून. पण मला आत्यांचा विचार नव्हता, काकांचाही नव्हता. ती यादी माझ्यासमोर उघडी होती आणि मला ती मिटवायची होती, बस. मी मयतवर क्लिक केलं. यादी मिटली. पुन्हा उघडून बघितली तर दोनच पर्याय.

"टाकलंस?" बाबांनी विचारलं.

"टाकलं, बाबा."

मी पीडीएफ काढली. तिच्यावर वेळ आहे, बारा सत्तेचाळीस. सही करताना बाबांनी दोनदा पेन खाली ठेवलं, तेव्हा नोटरीने त्यांना पाणी दिलं. "तब्येत बरी नाही का?" म्हणून विचारलंसुद्धा.

दहा दिवसांनी टोकावड्याच्या घरी एक माणूस आला. चाळिशीचा, पायात धुळीने भरलेल्या चपला. मी त्या दिवशी गावीच होते. तो आत्याच्या नवऱ्याचा पुतण्या. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं, आत्या याच्याजवळच राहायची. दहावं आटोपून तो सांगायला आला होता.

"चार दिस शहापूरला दवाखान्यात ठेवलेली," तो म्हणाला. "ताप व्हता. पन बरी झालेली, चांगली बोलत व्हती. संध्याकाळी सोडनार म्हनले व्हते. दुपारची जेवनाची गाडी आली, ती तिच्या खाटंला सोडून फुडं गेली. ती हसत हसत हाक मारायला लागली, मी हाय अजून, मी हाय अजून. मी म्हनलं थांब, आनतो ताट. ताट घेऊन वलतोय तर…"

"वार कुठला?" मी विचारलं.

"मंगलवार."

"टाइम?"

"एक वाजायला आलंवतं. पंधराएक मिंटं कमी."

काका उठून बाहेर गेले. बाबा त्या माणसाचा हात धरून बसून राहिले.

नंतर मी सगळ्यांना विचारलं. कॉम्प्युटर क्लासवाला म्हणाला, फाइल करप्ट असेल. मग करप्ट फाइल बाबांच्या घरातलं बोलणं कसं बोलते? नवरा म्हणतो, तू कधीतरी घरात ऐकलं असशील. ज्या घरात तिचं नाव निघत नव्हतं, त्या घरात? ते प्रतिज्ञापत्र मागे घ्यावं म्हणून मी नोटरीकडे विचारायला गेले, तर ते म्हणाले, बाई गेलीच आहे ना, मग चूक काय? कागद खरा ठरला होता. मी क्लिक केलं त्या मिनिटापासून खरा.

आता माझ्या यादीत मी स्वतः घातलेला तिसरा पर्याय आहे, "माहीत नाही, चौकशी व्हावी." गिऱ्हाईकं वैतागतात. वैतागू देत. तो निवडावा लागला की मी कामच करत नाही, आधी जाऊन बघून या म्हणते. याचं स्पष्टीकरण कुणाकडे असेल तर सांगा, माझ्याकडे नाही. मला फक्त एवढंच कुणीतरी खात्रीने सांगावं की ती माझ्या हातून गेली नाही.

गावच्या घरी एक गोष्ट बदलली आहे. जेवायला बसण्याआधी बाबा पडवीत जाऊन अंगणाकडे बघून येतात. ते आत आल्याशिवाय आम्ही कुणी घास घेत नाही. मागच्या आठवड्यात ते पडवीत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "एक ताट जास्त वाढ गो."

मी का म्हणून विचारलं नाही. वाढलं.